फुकटची खाट

सुगंधा परबला फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा धाक वाटायचा. अंधेरीच्या ज्या एक्स्पोर्ट कंपनीत तिने शर्टांचे धागे कापण्यात उमेदीची वर्षं घालवली, तिथल्या मालकाने एका दिवाळीला सगळ्या बायकांना बसवून जेवण घातलं, श्रीखंड वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी गेटला टाळं. तेव्हापासून कोणी हसून काही पुढे केलं, की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीरही ती झटकून घ्यायची.

तिचा नवरा नंदू याच्या अगदी उलट. त्याची गिरणी बुडाली तेव्हाही तो वर्षभर म्हणत होता, चालू होईल गं. पुढे तो गोरेगावला एका सोसायटीत वॉचमन राहिला. आता दोघंही सत्तरीच्या पलीकडे गेले होते. दिंडोशीच्या कॉलनीतली एक खोली, दोघांच्या नावावर येणारी चिमूटभर पेन्शन आणि डबाभर गोळ्या. प्रेशरची गोळी दोघांना सारखीच होती. नंदूला त्यावर साखरेची आणि रक्त पातळ ठेवायची वेगळी.

सत्तरीच्या वरच्यांसाठी सरकारचं मोफत उपचारांचं कार्ड निघालं, तेव्हा सून अक्षता बदलापूरहून मुद्दाम आली आणि मोबाईलवर दोघांची कार्डं काढून गेली. नंदू तसाच कार्ड खिशात घालून औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याला समजावून सांगितलं, की हे कार्ड हॉस्पिटलच्या खाटेवर चालतं, काउंटरवर नाही. माणूस ॲडमिट झाला तर सरकार लाखांनी भरेल. पण ॲडमिट होऊ नये म्हणून रोज जी गोळी खायची, ती आपली आपण घ्यायची. नंदू घरी येऊन म्हणाला, असेल काहीतरी हिशेब त्यांचा. सुगंधाला मात्र हे पटेना. आग लागल्यावर बंब देतात आणि पाण्याची बादली देत नाहीत, यात कोणाचं तरी भलं असणारच, असं तिने त्याच दिवशी बोलून दाखवलं.

महानगरपालिकेच्या दवाखान्यात काही गोळ्या मिळत, काहींच्या नावापुढे ‘बाहेरून घ्या’ असं येई. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की नंदूची औषधाची पट्टी लवकर संपत नाही.

“कालची गोळी घेतलात काय?” तिने विचारलं.

नंदू टीव्हीकडे बघतच म्हणाला, “एक दिवस आड घेतलंय. काय व्हना नाय.”

रात्री तो झोपला की ती त्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहायची.

अशातच कॉलनीत निलेश नावाचा माणूस येऊ लागला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं लोण्यासारखं. घाटकोपरच्या ‘आरोग्यछाया’ नर्सिंग होमकडून आलोय म्हणाला. सत्तरीच्या वरच्यांनी फक्त कार्ड घेऊन यायचं, गाडी दारात. दोन रात्री राहायचं, सगळ्या तपासण्या होतील, आणि घरी जाताना पंधरा दिवसांची औषधं हातात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. पलीकडच्या बिल्डिंगमधली शकु नवऱ्याला घेऊन गेली आणि औषधांची पिशवी मिरवत परत आली. एसी झकास होता, दोन्ही वेळ जेवण, डॉक्टर हसून बोलतात, असं ती सगळ्यांना सांगत होती.

“पण तुझ्या नवऱ्याला झालं काय होतं गं?” सुगंधाने विचारलं.

शकु जरा अडखळली. अशक्तपणा म्हणाले, असं ती म्हणाली, आणि तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, हेही.

नंदूने हट्टच धरला. सुगंधाच्या मनात नव्हतं, पण त्या दिवसाआड गोळीने तिचं तोंड बांधलं होतं. निलेशच्या गाडीतून दोघं घाटकोपरला गेली. नर्सिंग होम एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, ओळख पटवायला मोबाईल नंदूच्या तोंडासमोर धरला, डोळे मिचकावायला सांगितलं. मग दोघांना वॉर्डात नेलं. तिथे एका रांगेत म्हातारी माणसं बसली होती. कोणी कण्हत नव्हतं, कोणाला धाप नव्हती. दोघं तर पत्ते खेळत होते. सुगंधाला आयुष्यात इतकं शांत हॉस्पिटल दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने एक वॉर्डबॉय सलाईनचा स्टँड ढकलत आला आणि त्याने आवाज दिला, “न्युमोनियावाले परब बाबा कोण?”

नंदूने हात वर केला. मग बायकोकडे बघून हळूच म्हणाला, “माका खोकलो पण नाय.”

तिने त्याचा वर केलेला हात धरून खाली घेतला. “अवो, उठा. घराकडे जावया.”

काउंटरवर तिने कार्ड परत मागितलं. मुलगी म्हणाली, नुसतं लिहिण्यापुरतं असतं आजी, तुम्हाला काय त्रास आहे त्यात? निलेश धावत आला, त्याने समजूत घातली, मग आवाज चढवला. सुगंधाने कार्ड घेतलं आणि नवऱ्याला पुढे घालून जिना उतरली. बसमधून दिंडोशीला उतरल्यावर नंदू एकच वाक्य बोलला: “तुझ्या संशयान माजी औषधां गेली.” मग बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

कॉलनीतही तिची वाट लागली. परबीण आडमुठी आहे, नवऱ्याच्या जिवावर उठली आहे, असं निलेशने पसरवलं. शकुने तोंड फिरवलं. खरी गोष्ट अशी, की सुगंधाचा स्वतःवरचाही विश्वास उडाला होता. न्युमोनिया लिहिलं तर लिहिलं. गोळ्या तर खऱ्या होत्या ना?

गोळ्यांची सोय मात्र आता तिलाच करायची होती. स्टेशनजवळ सरकारी स्वस्त औषधांचं दुकान होतं. तेच औषध, कंपनीचं नाव नाही, म्हणून किंमत कितीतरी कमी, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कधीपासून सांगत होत्या. पण एवढं स्वस्त म्हणजे आत खडूच असणार, हे सुगंधाचं मत, तेही कॉलनीभर सांगितलेलं. शेवटी तिने फक्त प्रेशरची गोळी आणली आणि नंदूला न सांगता महिनाभर स्वतःच घेतली. त्याला आपली जुनी महागडी पट्टी दिली आणि रोज समोर उभी राहून गिळायला लावली. ती दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन प्रेशर मोजून यायची. ते जागेवर राहिलं. तरी तिने आणखी थोडे दिवस जाऊ दिले. मग नंदूला सांगितलं.

त्याने ती स्वस्त पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. “आणि तुका काय झाला असता तर?”

“तर कळला असता,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून तो पुन्हा नीट बोलायला लागला.

हिवाळ्यात शकुच्या नवऱ्याला खरोखरच न्युमोनिया झाला. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर कॉम्प्युटरवर दिसलं, की हा माणूस वर्षात वारंवार ॲडमिट झालाय, कार्डावरची वर्षाची रक्कम खर्च झालीय, क्लेम तपासणीत अडकलाय, म्हणून कार्ड चालणार नाही. निलेशचा फोन बंद. ‘आरोग्यछाया’च्या दाराला कुलूप. शेवटी त्याला महानगरपालिकेच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे जमिनीवर गादी टाकून उपचार झाले, आणि तो कसाबसा वाचला. सुगंधा रोज पेज घेऊन जायची. शकु डबा घ्यायची, नजर वर न करता.

सुगंधाने अक्षताला नंदूचंही कार्ड बघायला सांगितलं. नंदूच्या नावावर न्युमोनिया होता, दोन रात्रींची खाट होती, पंधरा दिवसांची औषधंही होती. तो तिथे एक तासही थांबला नव्हता.

मग शकु आणि सुगंधा दोघी मिळून तक्रारीच्या कचेरीत गेल्या. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, स्क्रीन बघितली, आणि विचारलं, “चेहरा तर बाबांचाच जुळतोय. तुम्ही तुमच्या पायांनी गेला होता ना तिथे?”

सुगंधा गेली होती. तिने तसं सांगितलं. बाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर सुगंधाला ओळखीची होती; फक्त आजवर ती तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असायची. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, शकुनेही आपलं सांगितलं, अंगठे दिले. चौकशी होईल, असं उत्तर मिळालं. ती अजून चालू आहे.

बाहेर आल्यावर शकु फुटपाथवर थांबली. नवऱ्याला आता आयुष्यभर चार गोळ्या लिहून दिल्या होत्या.

“तुझं ते स्वस्तवालं दुकान कुठे आहे गं?” तिने विचारलं. “आणि खरंच खडू नाही ना?”

“माहीत नाही,” सुगंधा म्हणाली. “मी अजून घेतेय. चल, दाखवते.”