एक नंबरचं टोकन

ईरा, निषाद... हे तुमच्यासाठीच लिहिते आहे, पण छापायलाही देते. तिकडे इतक्या लांब माझं थरथरतं अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही.

आत्मा, संकेत वगैरे मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं. तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेल्या बाईला दुसरं जमतही नाही. म्हणून जे झालं तेवढंच सांगते.

मरोदा गावाच्या पुढे तलावाचं पाणी आत वळतं, तिथे आपलं घर. मागचं दार, सहा पायऱ्या, मग पाणी. नानांनी, तुमच्या आजोबांनी, रिटायर झाल्यावर त्या दाराशी त्यांच्या कारखान्यात हजेरीला असायचा तसा टोकन-बोर्ड लावला. पाण्यावर जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात ठेवायचा, परतल्यावर टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस पाण्यावर. एक नंबर नानांचा, दोन माझा, तीन ईराचा, चार निषादचा. नाना मुद्दाम आकडा भिंतीकडे करून टांगायचे, मी सरळ करायचे. रिटायरमेंटनंतरची सगळी वर्षं अशीच गेली.

नाना हॉस्पिटलमध्ये वारले, त्यानंतरच्या मे महिन्यात तुम्ही आलात. निषाद आठ वर्षांचा. दुपारी चारला ईरा तापात झोपलेली. शेजारच्या लतावहिनी आल्या, मी पुढच्या दाराला कडी घालून चहा ठेवला आणि सवयीनं बोर्ड पाहिला. दोन, तीन, चार जागेवर. म्हणजे निषाद घरातच.

एकचा खिळा रिकामा.

"कावून वं ताई, काय पाहून राहिली? चहा उतू चालला ना!"

"नानांचं टोकन कोणी काढलं?"

"मले काय मालूम? आपला तर पाण्याले दुरूनच रामराम!"

कोणाची तरी खोडी, म्हणून मी तणतणत पायऱ्यांवर गेले... टायरच्या ट्यूबला बिलगलेला निषाद वाऱ्यानं पार मधोमध गेला होता. हाक मारायलाही त्याच्यात आवाज उरला नव्हता.

होडी सोडली. पाण्याला घाबरणाऱ्या लतावहिनी पुढे बसल्या आणि ओरडल्या, "वल्हव ना ताई, देवाचं नाव मंग घेजो!" मी देवाचं नाव घेत नव्हते, वल्ह्याचे फटके मोजत होते.

"आजी, बॅडमिंटनचं शटल पाण्यात पडलं होतं," होडीत ओढून घेतल्यावर तू म्हणालास, निषाद. "दोनच मिनिटं लागणार होती, म्हणून टोकन घेतलं नाही."

मी तुला एक ठेवून दिली. तुला तेवढंच आठवतं, मला माहीत आहे. पण चार नंबर पाहून मी निवांत चहा पीत बसणार होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा एक नंबर खिळ्यावर होता. आकडा भिंतीकडे.

ईरा उठलेली नव्हती. लतावहिनी माझ्याबरोबर होडीत. पुढच्या दाराची कडी तशीच. वारा बिल्ला पाडेल, पण परत टांगेल? खूप विचार केला... आता विचार करायचाही कंटाळा येतो.

घर विकलं. गुडघ्यांना पायऱ्या नकोत, मला रिकामी होडी पाहणं नको. तीन आणि चार तुम्हाला पार्सलनं पाठवते, दोन माझ्या पर्समध्ये आहे. एक नंबर काढायला काल हात वर केला, पण खाली घेतला. नव्या लोकांची मुलगी पाच वर्षांची आहे.

बिल्ला मी सरळही केला नाही.