गार पडलेली तीन पिल्ले

आत्याच्या घरात मेलेलेही मरत नाही, असे शेजारी म्हणत. हसतच म्हणत, पण तिच्या दारावरून जाताना त्यांचा आवाज खाली येई.

आत्या शिवणकाम करी. इस्त्रीच्या टेबलाखाली तिने ससे पाळले होते. त्या वर्षी म्हाताऱ्या सशिणीला तीनच पिल्ले झाली, आणि ती शेवटचीच, हे आत्या जाणून होती. पिल्ले बोटाएवढी, केस नसलेली, मिटल्या डोळ्यांची. दूध पिऊनही पोटे खपाटीला. बटणे तोलायच्या काट्यावर आत्या त्यांना रोज सकाळी ठेवी, वजन बघे आणि उचली.

एका दुपारी ती गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेली. राखण शेजारच्या खोलीतल्या माझ्या वहिनीकडे आली. आत्या परतली तेव्हा घरटे रिकामे होते.

"पिल्लं कुठायत गं?"

"गेली हो, आत्या. घरट्याबाहेर पडलेली, पार गार. तुम्हाला बघवलं नसतं, म्हणून आत्ताच पुरली. कुंडीत."

"गरम करून बघितलीस?"

"मेलेली?"

आत्या कुंडीपाशी गेली. कुंडीतली माती बोटांनी उकरून तिने वर्तमानपत्राची पुडी काढली, पिल्लांवरचे कण फुंकून उडवले आणि तिन्ही स्वेटरच्या आत, छातीशी धरली. वहिनी लगबगीने दूध घेऊन आली.

"ठेव ते. गार पोटात दूध गेलं तर तेच मारेल."

मग आत्या खुर्चीत बसून राहिली. शिवणयंत्र बंद असल्याने खोली परकी वाटत होती. बऱ्याच वेळाने स्वेटर गळ्याखाली किंचित हलला. आत्याने तर श्वास रोखून धरला होता. तिने गळ्यातून आत डोकावले. एका पिल्लाने तोंड उघडले. आवाज मात्र आला नाही. मग दुसऱ्याने उघडले.

वहिनी दारापर्यंत मागे सरकली. "मी माती लोटली होती यांच्यावर."

"त्यांना सांगू नकोस म्हणजे झालं."

तिसऱ्याला तिने भिंतीवरचे ऊन उतरेपर्यंत जपले. शेवटी बाहेर काढून ते वहिनीच्या तळहातावर ठेवले. वहिनीचा चेहरा उजळला.

"आत्या, हे गरम आहे. चांगलं गरम आहे. जिवंत आहे हे."

"ऊब माझी आहे," आत्या म्हणाली. "ते मेलंय. आता पूर."