आपण म्हणजे कोण कोण

आमच्या ऑफिसच्या गाडीवर अकरा वर्षं एकच ड्रायव्हर आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. साठीला टेकलेले साहेब म्हणतात आणि काल नोकरीला लागलेली पोरगीही म्हणते. कागदोपत्री मात्र ते आमचे नाहीत, गाड्या पुरवणाऱ्या एजन्सीचे आहेत. हे कागद माझ्याकडेच असतात, कारण हजेऱ्या, तिकिटं, चाव्या आणि बाकी कुणालाच नको असलेली सगळी कामं माझ्या गळ्यात आहेत.

मामा बोलतात कमी. गाडीत बारा जण एकाच वेळी तोंड उघडून बसलेले असतात, त्यात आपली भर कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण ऐकतात सगळं. कुणाचं लग्न मोडलं, कोण गुपचूप दुसरीकडे मुलाखत देऊन आलं, हे मला कळायच्या आधी त्यांना ठाऊक असतं आणि ते त्यांच्या पोटातून कधी बाहेर येत नाही. गाडी लावली की दोन्ही बाजूंच्या आरशांवर ते जुने मोजे चढवतात. चिमण्या आरशातल्या चिमणीशी भांडून चोच दुखवून घेतात म्हणून. असा माणूस.

काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी साहेबांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून ते आमच्यात बसले. वर्ष चांगलं गेलं होतं, स्वारी खुशीत होती. सिग्नलला गाडी थांबली तसे मागे वळून म्हणाले, "या वेळी रिट्रीटला आपण सगळे परदेशी जाणार आहोत."

गाडीत एकच कल्ला झाला. तो जरा ओसरल्यावर मामांनी समोर बघतच विचारलं, "आपण म्हणजे कोण कोण, साहेब?"

"आपण म्हणजे आपण, मामा! सगळे!"

मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात हॉटेलच्या खोल्या मोजत होते. मामा त्या मोजणीत नव्हते, हे आत्ताच सांगून टाकते.

पाच आठवड्यांनी मामा माझ्या टेबलाशी आले. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात नवा कोरा पासपोर्ट. "साहेब म्हणाले होते ना, म्हणून काढून घेतला. फोटो जरा रागीट आलाय. चालेल का, ताई?"

मी "चालेल" म्हणून बसले. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, त्या दिवशी नेमकी लुळी पडली. मामा गेल्यावर पासपोर्ट घेऊन मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"अहो, पण आपण म्हणजे आपली टीम," साहेब म्हणाले. "बोलायची पद्धत असते ती."

"त्यांनी विचारलं होतं. तुम्ही 'सगळे' म्हणालात."

साहेब वाईट नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. "बिचाऱ्यांचा गैरसमज झाला. तुम्हीच सांगा ना समजावून. तुम्हाला जमतं."

हे 'तुम्हाला जमतं' ऐकत माझी निम्मी नोकरी सरली आहे. मी गेले खाली. मामा आरशांवर मोजे चढवत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "थंडी फार असते म्हणे तिकडे. बायकोने स्वेटर विणायला घेतलाय. एक बाही झाली." मी त्या एका बाहीची चौकशी करून वर आले आणि साहेबांना स्पष्ट सांगितलं, "मला नाही जमत. तुम्ही जा आणि सांगा."

साहेब दोन दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाला नाव यादीत." एजन्सीचं पत्र, व्हिसा, सगळ्याच्या मागे मी हात धुऊन लागले. स्वेटरची दुसरी बाहीही झाली.

आम्ही गेलो ते गाव तळ्याकाठचं, छोटंसं, फारच नीटनेटकं. विमानतळावर न्यायला बस आली होती. मामा सवयीने आपल्या बाजूने पुढे चढून बसले, तर समोर स्टिअरिंगच नाही. तिकडे ते दुसऱ्या बाजूला असतं. त्यांनी घाटभर उजवा पाय दाबून नसलेला ब्रेक मारला. बसच्या ड्रायव्हरच्या ते लक्षात आलं आणि तोही हसत हसत वळणावर मामांकडे बघून मान हलवायला लागला, आता दाबू का म्हणून. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, तरी बस किती ॲव्हरेज देते हे मामांनी त्याच्याकडून काढून घेतलं.

रिट्रीट म्हणजे काय, तर खुर्च्या गोल मांडायच्या आणि रोज भेटणाऱ्या माणसांना नव्याने ओळखायचं. प्रत्येकाच्या गळ्यात छापील कार्ड होतं, नाव आणि हुद्दा. मामांचं तेवढं मी पेनाने लिहिलं होतं, कारण छपाईची यादी त्यांच्या आधी गेली होती. दुसऱ्या दिवशी नवीन पोरगीने ते बघितलं. "मामा, तुमचं कार्ड वेगळं कसं? हां, तुमचं मागाहून ठरलं ना. साहेब सांगत होते काय गोंधळ झाला ते." तिच्या मनात काही नव्हतं. साहेब मात्र कागद चाळायला लागले.

मामांनी कार्ड सरळ केलं. "ताईंचं अक्षर चांगलं आहे," म्हणाले.

जेवणानंतर ते तळ्याकाठी बाकावर बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसले. "मामा, मनाला लावून घेऊ नका. तो गैरसमज..."

"कुणाचा?"

"तुमचा. म्हणजे, साहेबांच्या बोलण्याचा."

"माझा कसला गैरसमज, ताई? मला तिथेच कळलं होतं, सिग्नलला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अकरा वर्षं ऐकतोय. आपण जेवायला जाऊ, आपण सिनेमा बघू, आपण साहेबांचा वाढदिवस करू. दरवेळी मी समजून घेतो की मी त्यात नाही. तुम्हाला कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही. या वेळी ठरवलं, आपण नाही समजून घ्यायचं. बघू कोण येऊन सांगतं."

मला शरम वाटली. सांगायला खाली उतरलेली मीच होते, आणि उतरले तेव्हा त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. स्वेटरचं त्यांनी आधी काढलं ते उगाच नव्हतं.

"आणि मी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर काय, विमानतळावर सोडलं असतं सगळ्यांना. बॅगा उतरवून दिल्या असत्या." मामा तळ्याकडे बघत होते. "पासपोर्ट दहा वर्षं चालतो, ताई. परत कुणीतरी 'आपण' म्हटलंच असतं."