गजराबाईच्या ओसरीवर पुन्याचे बुवा

पोरांनो, चौकातला हा फळा वाचून लगेच पुसू नका.

काल पुन्याचे गवई बुवा कमिटीला म्हनले, "शास्त्रीय संगीताच्या उत्सवात लावनी शोभत न्हाई." झालं, आपल्या गजराबाईचं गानं रद्द.

आज दुपारी तेच बुवा शालीखाली नारळ लपवून चालले हुते.

"देवाला का, बुवा?"

"हो रे, देवालाच."

पन देऊळ तर मागं राहिलं! मी गुपचूप त्यांच्या मागं गेलो. बुवांनी गजराबाईपुढं नारळ ठेवला, गुरूच्या पडावं तसे पाया पडले आन तिची लावनी एकेक ओळ घोकायला लागले.

संध्याकाळी उत्सवात बुवा ठुमरी म्हनून तीच लावनी गानार, मला लई डाऊट हाय. गजराबाईला मी पहिल्या रांगेत बसवतो. तुमी कुनाकडं बघून 'वा' म्हननार?