फणसाखालचा कोंबडा

आमच्या माळ्यावर एक बाळंतीण होती. ती माझ्या माहेरची नव्हती, सासरची नव्हती आणि नीट बघितलं तर माणसांतलीसुद्धा नव्हती.

ती होती उदमांजर. (नावात मांजर आहे म्हणून फसू नका. मांजराशी तिचं नातं आमच्या गणपतीला उगवणाऱ्या पाहुण्यांइतकंच लांबचं.) करडं अंग, काळं तोंड, अंगाएवढी शेपटी. दिवसभर कौलांखाली झोपायची आणि तिन्हीसांजेला मागच्या माडावरून खाली उतरायची. तिच्या अंगाला तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. आमचे हे एसटीतून रिटायर झालेले, नाक शाबूत. ते पहिल्यांदा म्हणाले, "आज आंबेमोहोर शिजवलंस काय गो?" चुलीवर तेव्हा नुसतं चहाचं आधण होतं.

आता मुळात मला हे वेड लागलं कुठून, ते सांगते. लेकीच्या बाळंतपणाला मी इंग्लंडला गेले होते. तिथे शेजारच्या बाईंच्या बागेत बॅजर नावाचा प्राणी यायचा. अंगानं बुटकं अस्वल, चालीनं डुक्कर, तोंडावर काळे-पांढरे पट्टे. तो बघायला त्या बाई मला रोज संध्याकाळी बोलवायच्या. गुडघ्यावर घोंगडी, हातात चहा, आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही. बॅजर यायचा, ठेवलेले शेंगदाणे खायचा, निघून जायचा. बाई डोळे पुसायच्या. जावई म्हणाला, "आई, इथे याच्या बिळाला हात लावला तर तुरुंग." मी म्हटलं, वा, याला म्हणतात संस्कृती. आणि परत येताना लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांबरोबर ती संस्कृती घेऊन आले.

घरी आल्यावर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोन स्टुलं टाकली, दिवा मालवला, बाहेरच्या धोंड्यावर केळी आणि शेंगदाणे ठेवले, आणि ह्यांना शेजारी बसवलं.

"आपण हंय कोणाची वाट बघतंव?"

"गप बसा. इंग्लंडात कोण बोलणा नाय."

"थंय थंडी आसता. तोंड उघडला तर दात वाजतले. हंय काय झाला?"

ती मात्र आली. केळं सोलून खाल्लं, साल बाजूला टाकली (हे आमच्या ह्यांना अजून जमलेलं नाही), आणि वर गेली. मग माळ्यावरून बारीक चीं-चीं ऐकू आली. दोन पिल्लं होती. खरं सांगते, नातवाला तिकडे ठेवून आल्यापासून घर मला खायला उठत होतं. ती चीं-चीं ऐकली आणि बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी केळ्याबरोबर खजूरही ठेवायला लागले. बाळंतिणीला अंगात ताकद नको?

पण शेजारच्या बाबलला हे कौतुक नव्हतं. बाबलच्या कोंबड्या आहेत. एका सकाळी तो तारेची फासकी हातात घेऊन आमच्या खळ्यात (म्हणजे अंगणात) उभा राहिला.

"काकी, तुमच्या माळ्यावरचो पावणो माझी पिल्ला खाता. आज मी फासकी लावतलंय."

"खबरदार. वन्यप्राण्याक मारणा गुन्हो आसा. आणि ता पिल्ला खायना नाय. ता फळा खाता, बियो पसरवता, रान वाढवता." मग मला राहवलं नाही आणि मी पुढचं वाक्य बोलले. "ता शाकाहारी आसा."

आत ह्यांच्या देखरेखीखाली बांगडे तळले जात होते. वास खळ्यापर्यंत आला होता. बाबलने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माळ्याकडे बघितलं.

"ह्या घरात ऱ्हवान शाकाहारी?"

मी तापट आहे. माहेरचं नाव काढलं तरी चालेल, पण माझ्या माहितीवर कोणी हसलेलं मला खपत नाही. मी म्हटलं, "बाबल, आमच्या माळ्याखाली कोंबडीचा एक पीस जरी सापडला ना, तर मी स्वतः तुका शिडी लावन देतंय. मगे काय व्हया ता कर."

"शब्द?"

"शब्द."

फासकी खिशात घालून तो गेला. ह्यांनी तव्यावरचा बांगडा उलटला आणि म्हणाले, "शिडी मोडलीसा, ती दुरुस्त करून घेऊक व्हयी." माझ्यावर माणसाचा किती विश्वास असावा.

त्यानंतर आठवड्याभरात आली राखण. परमुलखातल्या वाचकांसाठी सांगते, राखणदार म्हणजे आमच्या परड्याचा, घरामागच्या आवाराचा, न दिसणारा वॉचमन. साप-किरडू, चोर-चिलट, भूत-खेत सगळ्यांवर त्याची नजर. पगार वर्षाला एक कोंबडा. रातांब्याखालच्या दगडापुढे माझे थोरले दीर, म्हणजे दादा, गाऱ्हाणं घालतात, मागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि दुपारी सगळे त्याच कोंबड्याची वडे-सागोती जेवतात. मुंबईचे पुतणे त्यासाठीच रजा काढून येतात. राखणदारावर त्यांची श्रद्धा आहे, सागोतीवर जास्त.

कोंबडा आम्ही वर्षभर पोसला होता. लाल, गावठी, तुरा असा की चाल थेट सरपंचाची. फक्त त्याचं खुराडं होतं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आणि त्याला आरवायला काळवेळ नव्हता. राखणीच्या आदल्या संध्याकाळी तो एकदा आरवला आणि माळ्यावर पिल्लं चीं-चीं करून उठली. बाळंतिणीच्या खोलीखाली हा गोंगाट? मी त्याला उचलला, मागच्या पडवीत नेला आणि मोठ्या डालग्याखाली घातला. (डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. हलकी असते, वर वजन लागतं.) वजनाला धोंडा बघते तर धोंडा ह्यांनी स्कूटरच्या चाकाला लावलेला. कोपऱ्यात एक बरका फणस पडला होता. धोंड्याच्या तोडीचा. तोच उचलून डालग्यावर ठेवला.

हे दारात येऊन उभे राहिले.

"फणस कित्याक?"

"वजन व्हया म्हणान."

"बरो पिकलोसा."

"मगे?"

"काय नाय," असं म्हणून ते आत गेले. पुढे आयुष्यभर पुरेल असं "काय नाय" ह्यांनी त्या दिवशी वापरून टाकलं.

सकाळी पडवीत गेले तर फणस जमिनीवर, दुभंगलेला. गरे साफ. आठळ्या चाटून-पुसून बाजूला. डालगं कलंडलेलं. कोंबडा नाही. लाल पिसं मात्र होती. पडवीतून भिंतीला, भिंतीवरून वाशाला, वाशावरून थेट माळ्यापर्यंत.

हे माझ्या मागे येऊन सगळं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आदी फळ खाल्ल्यान. शिस्तीचो प्राणी आसा."

मला रडू यायच्या बेतात होतं. कोंबड्याचं दुःख होतंच, पण बाबल राखणीला येणार होता आणि माझा शब्द त्याच्या खिशात फासकीबरोबर होता. एक पीस दिसलं की शिडी. आणि माळ्यावर ती दोन पिल्लं, ज्यांचे अजून धड डोळे उघडले नव्हते. मी सगळी पिसं भराभर वेचली आणि लुगड्याच्या ओच्यात खोचली. (राखणीचं म्हणून सासूबाईंचं नऊवारी नेसले होते. ओच्याचा उपयोग त्या दिवशी कळला.) ह्यांना म्हटलं, "स्कूटर काढा. खंयसूनय लाल गावठी कोंबो हाडा."

हे गेले आणि पिशवीतून पांढराशुभ्र ब्रॉयलर घेऊन आले.

"ह्यो?"

"गावठी एकय ऱ्हवाक नाय. टुरिस्टांनी खाल्ल्यानी. सगळ्यांका गावठी थाळी व्हयी."

दादा यायची वेळ झाली होती. तुळशीवृंदावन रंगवायला काव, म्हणजे लाल माती, आणलेली होती. ती पाण्यात कालवली आणि ब्रॉयलरला मानेपासून शेपटीपर्यंत रंगवून काढलं. तुऱ्याला कुंकू लावलं. त्याने जराही तक्रार केली नाही. जन्मापासून त्याच्याशी कोणी इतकं प्रेमाने वागलं नसावं. लांबून तो अगदी गावठी दिसत होता, आणि दादांना मोतीबिंदू होता. माझी सगळी भिस्त त्या मोतीबिंदूवर.

मंडळी जमली. मुंबईचे पुतणे, वाडीतली चार माणसं, आणि सगळ्यांत पुढे बाबल. आम्ही बायका मागीलदारी उभ्या. दादांनी ब्रॉयलर दगडापुढे धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साची राखण घेऊन ह्यां तुझा लेकरू तुझ्यापुढे उभा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता रीत अशी की कोंबड्याच्या डोक्यावर पाणी घालायचं. त्याने डोकं झाडलं की देवाला मान्य. दादांनी तांब्यातून पाणी घातलं. ब्रॉयलर खाली बसला. उन्हात आंघोळ मिळाली, त्याचं आटोपलं. दादांनी आणखी पाणी घातलं. मग तिसरा तांब्या सबंध ओतला. काव वाहायला लागली. दादांचा पंचा लाल झाला, दगड लाल झाला आणि ब्रॉयलर मात्र हळूहळू पांढरा झाला.

धाकटा पुतण्या म्हणाला, "काकी, ह्येचो रंग जाता."

बाबल वाकून बघत म्हणाला, "ह्यो तर चिकन सेंटरवरचो."

मी घाबरून देवाला हात जोडले. हात जोडताना ओचा सुटला आणि वर्षभर पोसलेल्या कोंबड्याची पिसं माझ्या पायाशी पडली. सगळी लाल. बाबलने पिसं बघितली, माळ्याकडे बघितलं, खिशात हात घातला.

"काकी, शिडी खंय आसा?"

ह्यांनी वाकून दादांच्या कानात रात्रीची हकीकत सांगितली, फणसासकट. तसा दादांचा आवाज चढला. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की अर्ध्यावर सोडता येत नाही. मग मध्ये भूकंप होवो नाहीतर ब्रॉयलर निघो.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी आज देऊचो कोंबो, तो तू रातीच येऊन घेऊन गेलंस, म्हाराजा!"

मंडळी जरा घुटमळली. "व्हय म्हाराजा!"

"माळ्यावरच्या जित्राबाच्या रूपान इलंस, आदी फणस खाल्लंस, मगे कोंबो खाल्लंस, तृप्त झालंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या जित्राबाक आणि तेच्या पिल्लांका जो कोण हात लायत, तेका तूच काय ता बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबलचा होता. त्याचा इलाज नव्हता. लहानपणापासून "म्हाराजा" कानावर पडलं की आमच्याकडे माणसाच्या तोंडून "व्हय" निघतंच, डोकं नंतर येतं. बोलून झाल्यावर तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला. राखणदारापुढे दिलेला होकार कोण मागे घेणार? खिशातला हात रिकामा बाहेर आला. ती तार पुढे त्याने दोडक्याच्या मांडवाला वापरली.

मी सुटकेचा श्वास सोडते तोवर दादांचं शेवटचं आलं.

"आणि दर वर्साक ही आमची सून तुका असोच कोंबो, वरसून पिकलेलो फणस ठेवन, अर्पण करीत ऱ्हवतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. डोकं नंतर आलं.

मंडळी पांगल्यावर मी दादांना हळूच विचारलं, "दादा, खरांच राखणदार इल्लो काय हो?"

दादा पंचा पिळत होते. "माका काय म्हायत? गाराणा अर्ध्यार सोडूक गावणा नाय. आणि ह्या उनात तुमची मोडकी शिडी कोण धरतलो?"

मी इंग्लंडची उदाहरणं दिली होती, कायदा सांगितला होता, रान कसं वाढतं ते समजावलं होतं. वाडीतला एक माणूस हलला नव्हता. आता वाटेने जाणारा प्रत्येकजण आमच्या माळ्याला हात जोडून जातो, आणि बाबलची बायको पिकलेल्या पपया आणून देते. बाळंतीण खुशाल आहे. पिल्लं माडावर चढतात. मी मात्र मे महिना जवळ आला की वजनदार फणस शोधत फिरते.

त्या दुपारचं जेवण तेवढं सांगायचं राहिलं. देवाला दाखवलेला आणि देवाने न घेतलेला कोंबडा कापायचा नाही, असं दादांनी बजावलं. (ब्रॉयलर अजून आमच्याकडेच आहे. रंग पूर्ण गेलेला नाही.) वडे तळून तयार होते, खोबऱ्याचं वाटप वाटून तयार होतं, पण घालायचं कशात? शेवटी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. रजा काढून आलेले पुतणे मान खाली घालून वाटाणे जेवले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडचा प्राणी खातो तरी काय? मी सांगितलं, "त्यांना म्हणावं, आज आमच्या घरात झाडून सगळी माणसं शाकाहारी जेवली. राहिली ती एकटी माळ्यावरची, जिच्या शाकाहाराची हमी मी दिली होती."