बिनब्रेकची सायकल

स्वीडनला मुलाकडे गेलो, तेव्हा शेजारच्या एल्साची सायकल जिन्यात उभी होती. जन्मभर सायकली दुरुस्त केलेला माणूस मी. हात आपोआप ब्रेककडे गेला. ब्रेकच नव्हते.

"पोरी, ब्रेक नाही. अशी बाहेर काढू नकोस," मी बजावलं.

मुलानं तिला ते तिच्या भाषेत सांगितलं, तशी ती हसली. म्हणाली, "शर्यतीच्या गोल ट्रॅकवर सगळ्यांच्याच अशा असतात. एकानं ब्रेक दाबला, तर मागचे त्याच्यावर आदळतील."

मी गिऱ्हाइकांना थांबायची सोय करून देत आलो. ही मात्र शाळेत असल्यापासून, बाहेर बर्फ साचलेलं असताना, घरातच फिरत्या रोलरवर सायकल ठेवून पाय मारत आली होती. नुसत्या पुढे जाण्यावर इतका भरवसा ठेवता येतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

परवा अंतिम शर्यतीत ती ट्रॅकच्या भिंतीसारख्या चढावर अगदी वर गेली आणि तिथून घारीसारखी खाली झेपावत सगळ्यांच्या आधी रेघ ओलांडून गेली. पण ही सायकल जिंकल्यावरही लगेच थांबत नाही. एल्सा फिरतच राहिली. आमच्यासमोर आली, तेव्हा दोन्ही हात सोडून माझ्या नातवासारखी चक्क मराठीत ओरडली, "आजोबा, ब्रेक नाही!"