तीस नंबरचं तेल

दुष्काळाच्या सालात मी शिरूरला एक जुनी गाडी भाड्यानं चालवायचो. गाडी माझीच, पण माझ्या हाती आली तेव्हाच तिचं इंजिन झिजलेलं होतं. तिचं काम दौंडचे एक म्हातारे मिस्त्री बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. हिवाळ्यात सकाळी गाडी चालू होईना, तेव्हा त्यांनीच तीस नंबरचं पातळ तेल घातलं आणि बजावलं, "हे थंडीपुरतं हाय. ऊन चढायच्या आत चाळीस घाल. झिजल्या इंजिनात पातळ तेल तापलं की पाणी होतंय. मग बेरिंगला काय आधार ऱ्हात न्हाई."

होळीनंतर तेल बदलायला गेलो, तर दुकानात चाळीस नंबर नव्हतं. "आठ दिवसांनी या," दुकानदार म्हणाला. बाहेर भाड्याची माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, घाला तीसच. आठ दिवस गेले, महिना गेला. चौकात गाडी उभी राहिली की समोरचा, तेलाचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकायचा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा दाबला की विझायचा. विझतोय ना, एवढ्यावर मी समाधान मानत होतो.

मे महिन्यात न्हावऱ्याच्या अलीकडं एका मळ्यात विहीर खोल करायचं काम चालू होतं. सुरुंग उशिरा उडाला आणि एका गड्याच्या पायावर दरड आली. मी रिकामी गाडी घेऊन निघालो होतो. लोकांनी रस्त्यात आडवं होऊन थांबवलं. त्याला मागच्या सीटवर आडवा घातला. मांडीला धोतर करकचून बांधलं होतं, तरी रक्त ठिबकत होतं. त्याची बायको खाली, दोन सीटांच्या फटीत, पाय धरून बसली. दौंडचा दवाखाना गाठायचा होता.

भर दुपार. वारासुद्धा भाजत होता. न्हावरं मागं पडलं आणि लाल दिवा लागला. पाय दाबला, विझला नाही. थोड्या वेळानं इंजिनातून टकटक सुरू झाली. मी ओळखलं. असंच पळवलं तर इंजिन जाम होणार, आणि मग या उजाड रस्त्यावर पुन्हा गाडी मिळणं नव्हतं. एका बाभळीखाली मी गाडी बंद केली.

"का थांबला, मामा?"

"इंजिन तापलंय. जरा निवू दे."

"न्हाई ओ मामा, थांबू नका! ह्यांचं आंग गार पडाय लागलंय!"

मी खाली उतरलो. बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. आत ती नवऱ्याच्या गालावर थापट्या मारत होती, "डोळं उघडा, माझ्याकडं बघा," म्हणत होती. रस्त्याच्या दोन्ही टोकांना धूळ दिसते का बघत मी घामानं भिजलो. सायकलवालासुद्धा आला नाही. पाव तास मी तिला तसंच रडू दिलं. मग गाडी चालू केली. तेवढ्यापुरता दिवा विझला.

असं दोनदा थांबून आम्ही चौफुल्याला पोचलो. तिथं एक ट्रक चाक काढून उभा होता. ड्रायव्हर परमुलुखातला होता. मी हात जोडून घट्ट तेल मागितलं. त्यानं आमचं तेल मापाच्या काडीवर घेऊन बोटात चोळलं आणि विचारलं, "कौन सा डाला है?"

"तीस."

"मई में?"

त्यानं आपला पाना काढला. गाडीखाली शिरून त्यानंच बोल्ट सैल केला, उकळतं तेल निम्मं सोडलं आणि आपल्या डब्यातलं मधासारखं तेल ओतलं. तिथून दौंडपर्यंत टकटक थांबली नाही, पण गाडीही थांबली नाही.

माणूस वाचला. पाय गुडघ्यावरून कापावा लागला. "आणायला उशीर झाला," एवढं डॉक्टर बोलले. किती उशीर, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

दिवाळीच्या सुमारास ती बाई शिरूरच्या स्टँडवर मला शोधत आली. पदराखाली शेंगांची पिशवी होती. "तुमच्यामुळं आमचा धनी ऱ्हायला, मामा," म्हणाली. ती पिशवी मला हातात घेववेना. मी तिला सगळं सांगितलं. चाचांनी बजावलेलं, दुकानातली माझी घाई, महिनाभर लागणारा दिवा, सगळं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग चाळीस असतं तर पाय ऱ्हायला असता?"

"मला माहीत नाही गं बाई."

तिनं पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि न्हावऱ्याच्या एस.टी.कडं चालू लागली. पुन्हा कधी भेटली नाही. तिच्या गावचं भाडं आलं की मी दुसऱ्या गाडीवाल्याला द्यायचो.